तो माझ्या रक्ताचा आहे

मामा पुस्तकात रेघा मारत नाही. काही खटकलं तर समासात पेन्सिलीचा एक ठिपका देतो, इतका बारीक की पान उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही. २०१३ च्या मे महिन्यात मी सांगलीला गेले तेव्हा त्याने मला 'अ गेम ऑफ थ्रोन्स'ची माझी प्रत परत केली. सातआठशे पानांत मिळून नऊ-दहा ठिपके होते. त्यातला एक दाखवत तो म्हणाला, "हा माणूस इथे मनातल्या मनात बोलतोय ना? मग पाचच नावं का घेतली?"

मी ते पान त्याआधी दोनदा वाचलं होतं. नेड स्टार्क विचार करतोय: कुणा अनोळखी पोराचा जीव एका पारड्यात आणि आपल्या मुलांचा जीव दुसऱ्या पारड्यात, अशी वेळ आली तर आपण काय करू? आणि मुलांची नावं येतात. रॉब, सान्सा, आर्या, ब्रान, रिकन. जॉन नाही. पुढच्याच वाक्यात जॉन येतो, पण वेगळा: बायकोच्या पोटच्या पोरांच्या विरुद्ध जॉनचा जीव असता, तर तिने काय केलं असतं? याचं उत्तर त्याला सुचत नाही. ते द्यायची वेळ येऊ नये, अशी तो प्रार्थना करतो.

मामाने आयुष्यभर तलाठी म्हणून आणि शेवटची काही वर्षं मंडल अधिकारी म्हणून काम केलं. माणूस गेला की वारस नोंदीचा अर्ज येतो, त्यात वारसांची नावं असतात, गावात चौकशी होते, मग फेरफार. मामा सांगायचा, अर्जातली नावं कुणीही वाचेल, आपण अर्जात नसलेलं नाव शोधायचं. लग्न होऊन गेलेली बहीण. पहिल्या बायकोचा मुलगा. मुंबईला निघून गेलेला भाऊ. ती नजर त्याने जशीच्या तशी या पुस्तकावर लावली होती. जॉन स्नो कोण, याबद्दल वाचकांनी काय काय लिहून ठेवलंय यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. शब्दकोश जवळ घेऊन तो रोज दहा-बारा पानं वाचायचा.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, पाचवं २०११ साली. ठरलेले भाग सात. उत्तरेकडचा सरदार नेड स्टार्क हा शब्दाला जागणारा, खोटं न बोलणारा माणूस म्हणून राज्यभर ओळखला जातो. तो लढाईवरून घरी आला तेव्हा त्याच्या हातात एक तान्हं पोर होतं. आपलं अनौरस पोर, एवढंच त्याने सांगितलं. आईचं नाव सांगितलं नाही. ते पोर म्हणजे जॉन.

आई कोण, यावर पुस्तकात एकाहून अधिक नावं येतात. एका खानदानी मुलीचं नाव दबक्या आवाजात घेतलं जातं. नेड स्वतः राजाला एका दाईचं नाव सांगतो. पाचव्या पुस्तकात कुणीतरी एका कोळ्याच्या पोरीची गोष्ट सांगतं. लेखकाने ही सगळी नावं वाचकाच्या हाती दिली आणि खरं नाव कुठेच लिहिलं नाही. तरी पहिलं पुस्तक आल्यावर वर्षभराच्या आसपासच काही वाचकांनी ते ओळखलं होतं. आर अधिक एल बरोबर जे, असं एक सूत्रच तयार झालं. रेगार हा जुन्या राजाचा युवराज, लियाना ही नेडची बहीण, आणि त्या दोघांचा जॉन.

मामाला सूत्र माहीत नव्हतं. तो वारसाच्या वाटेने तिथे पोचला.

त्याचा दुसरा ठिपका नेडची बायको केटलिन हिच्या आठवणीपाशी होता. लग्नानंतर एकदाच तिने नवऱ्याला जॉनच्या आईबद्दल विचारलं होतं. त्याने दिलेल्या उत्तराने ती घाबरली. जॉनबद्दल मला कधीही विचारू नकोस, तो माझ्या रक्ताचा आहे, तुला एवढं पुरे. मामा म्हणाला, "बाप असं बोलत नाही गं. बाप म्हणेल, माझा पोरगा आहे. रक्ताचा आहे असं म्हणणारा माणूस नातं सांगतोय, पण कुठलं ते लपवतोय."

मग तो आमच्या भाषेत शिरला. इंग्रजीत नेफ्यू म्हटलं की संपलं, भावाचा असो की बहिणीचा. आपल्याकडे पुतण्या वेगळा आणि भाचा वेगळा. नेडला मोठा भाऊ होता, ब्रँडन, तो जुन्या राजाविरुद्धच्या बंडाआधीच मारला गेला. पोर ब्रँडनचं असतं तर ते रक्ताचंच झालं असतं. पण पुतण्याला लपवायचं काय कारण? "लपवलं काय ते नंतर बघ. आधी लपवलं कुणापासून ते बघ," मामा म्हणाला. बायकोपासून लपवलं, हे दिसतंच. पण नेड ज्याच्यासाठी लढला, ज्याला सख्ख्या भावासारखा मानतो, त्या राजापासूनही लपवलं. त्या रॉबर्टने रेगारला हातोड्याच्या घावाने मारलं होतं. रेगारची दोन लहान मुलं मारून लाल कापडात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा त्याला त्यात मुलं दिसली नाहीत, ड्रॅगनची पिल्लावळ दिसली (ड्रॅगन हे रेगारच्या घराण्याचं चिन्ह). त्या दिवशी नेड त्याच्याशी भांडून निघून गेला. मग बहीण मरणाच्या दारात असताना तिने त्याच्याकडून वचन घेतलं. कसलं, ते पुस्तक सांगत नाही. फक्त ते वचन त्याला पुन्हा पुन्हा आठवतं, तापात, तुरुंगात, झोपेत.

"भाचा आहे," मामा म्हणाला आणि चष्मा काढून पुसू लागला.

मी खूप दिवस एका गोष्टीचा विचार करत होते आणि ती मला त्या दुपारी लख्ख दिसली. आपल्या सगळ्यात मोठ्या गोष्टींमधले मामा वाईट आहेत. कंस मामा, शकुनी मामा. कंसाला बहिणीच्या मुलाची भीती वाटते आणि तो एकेक मूल मारत जातो. त्याच्या हातून वाचावा म्हणून वसुदेव आठव्याला रात्रीच यमुनेपार नेतो आणि नंद त्याला आपला म्हणून वाढवतो. नेडच्या गोष्टीत कंसाची जागा राजाने घेतलीय. वसुदेव आणि नंद, दोघांचं काम मामा एकटा करतो. बहिणीचं पोर उचलून तो शेकडो कोस घरी आणतो, आणि ते सुरक्षित राहावं म्हणून स्वतःच्या नावाला तो एकच डाग लावून घेतो जो त्याच्यासारख्या माणसाला सगळ्यात जड जावा. बायको त्या पोराचा आयुष्यभर राग करते, तेही तो सोसतो. मला तोवर नेड थोडा कोरडा वाटायचा. मामाच्या त्या पाच नावांच्या ठिपक्यानंतर तो मला सगळ्या मालिकेत जवळचा झाला. नुसतं कोडं सुटलं असतं तर हे झालं नसतं. आई कोण ते कळलं तेव्हा माणूस कळला.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही मनोऱ्याच्या प्रसंगावर घालवले. पायाला जखम होऊन तापात पडलेल्या नेडला एक जुनी लढाई स्वप्नात दिसते. डॉर्नच्या डोंगरातला एक एकाकी मनोरा, दारात जुन्या राजाच्या खास रक्षकदलाचे तीन सरदार, समोर नेड आणि त्याचे सहा सोबती. लढाई होते, नेड आणि हाउलंड रीड हे दोघेच जिवंत राहतात. नंतर नेड तो मनोरा पाडतो आणि त्याच्याच दगडांनी आठ थडगी रचतो. लढाईआधीचं बोलणं मात्र एखाद्या पोवाड्यासारखं आहे. नेड म्हणतो, मी तुम्हाला अमुक लढाईत शोधलं, तमुक ठिकाणी शोधलं. ते म्हणतात, आम्ही तिथे नव्हतो. नेड सांगतो की रेगारचा धाकटा भाऊ, राजपुत्र व्हिसेरिस बेटावर पळून गेला आणि त्याच्याबरोबर एक निष्ठावान सरदार आहे. ते म्हणतात, सरदार चांगला आहे, पण तो आमच्या दलातला नव्हे.

मामाने वहीच्या मागच्या पानावर वारसांचा तक्ता काढला. राजा मेला. युवराज मेला. युवराजाचा मुलगा मेला. आता नोंद कुणाच्या नावावर? व्हिसेरिसच्या. म्हणजे राजाचं रक्षण करायची शपथ घेतलेल्या तिघांपैकी निदान एकाने तरी त्या पोराकडे जायला हवं होतं. तिघेही गेले नाहीत. एका ओसाड मनोऱ्याच्या दारात उभे राहून मेले. "म्हणजे त्यांच्या हिशेबाने राजा आत होता," मामा म्हणाला. मी तिथे एक शंका काढली: आत मूल असेलही, पण ते अनौरस असेल तर व्हिसेरिसचाच हक्क पहिला. मामाने मान डोलावली, थोडा वेळ तक्त्याकडे बघितलं आणि रेगार-लियाना या दोन नावांमध्ये पेन्सिलीने एक जोडरेघ काढून त्यावर 'लग्न?' असं लिहिलं. ती वही अजून आहे त्याच्याकडे. प्रश्नचिन्हासकट.

निळ्या गुलाबांचं मी त्याला नंतर दाखवलं. हॅरनहॉलच्या स्पर्धेत जिंकल्यावर रेगारने स्वतःच्या बायकोला ओलांडून लियानाच्या मांडीवर निळ्या गुलाबांचा मुकुट ठेवला होता. पुढच्या पुस्तकात रेगारची धाकटी बहीण डेनेरिस हिला एक दृश्य दिसतं: बर्फाच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं एक निळं फूल, आणि हवेत गोड वास. जॉन तेव्हा उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या दलातच असतो. मला हा सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो. मामाला नाही. फुलांची साक्ष तो धरत नाही.

खरं तर हे असं वाचायला मला त्यानेच शिकवलं होतं, फार आधी. अकरावीच्या सुट्टीत त्याने मला इरावती कर्वे यांचं 'युगान्त' दिलं. त्यात युधिष्ठिर आणि विदुर यांच्याबद्दल जे आहे ते वाचून मी रात्रभर जागी होते. पंडू मूल देऊ शकत नाही म्हणून कुंती देवांना बोलावते, पहिला धर्म. विदुर हा धर्माचाच अवतार, असं महाभारतच सांगतं. नियोगासाठी दीराला बोलावण्याची रीत होती, विदुर धाकटा दीर. आणि शेवटी वनात, अंगावर मांस नाही अशा अवस्थेत, विदुर झाडाला टेकून युधिष्ठिराच्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहतो आणि योगबळाने त्याच्या शरीरात शिरतो. बाप मरताना मुलाला आपलं सगळं देतो, तसं. मग युधिष्ठिर विदुराचाच मुलगा असेल का? बाईंनी हे प्रश्न म्हणून मांडलं, पण मांडलं ते संहितेतल्या ओळी हातात धरून. आज ज्याला फॅन थिअरी म्हणतात त्याचा इतका उत्तम नमुना मला अजून कुठे सापडलेला नाही, आणि तो १९६७ साली मराठीत छापला गेलाय. मुळात आपल्याकडची कथाच अशी आहे की व्यासांनी मुद्दाम ८,८०० कूटश्लोक घातले, लिहिणारा गणपतीसुद्धा अर्थ लावायला थबकावा म्हणून. ती कथा मूळ संहितेतली नाही, पुण्याच्या भांडारकर संस्थेने चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा तिला मुख्य पाठात जागा दिली नाही. पण जोडणाऱ्याला वाचकाचा जीव कळला होता. गाठ आली की थांबायचं, आणि थांबण्यातच सुख.

फरक एवढाच, व्यासांना विचारता येत नाही. इथे लेखक हयात आहे.

आणि त्याने पुस्तकात सांगायच्या आधीच टीव्हीने सांगून टाकलं. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्ही मालिका २०११ मध्ये सुरू झाली. ती करू इच्छिणाऱ्या दोघा निर्मात्यांना मार्टिन यांनी पहिल्याच भेटीत जॉनची आई कोण असा प्रश्न विचारला होता, आणि त्यांनी बरोबर ओळखलं म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकला. २०१६ च्या जूनमध्ये सहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात तो मनोरा दिसला, रक्ताने भरलेला पलंग, लियाना, आणि तान्ह्या पोराच्या चेहऱ्यावरून थेट मोठ्या जॉनचा चेहरा. मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो भाग बघितला. रडले. लगेच मामाला फोन केला.

तो आनंदाने ओरडेल असं मला वाटलं होतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरोबर होतं तर." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "पण हे पुस्तकात यायला हवं होतं."

तेव्हा मला ते हट्टाचं वाटलं. आता वाटत नाही. पडद्यावर जे आलं ते उत्तर होतं. मामाने ज्या वाटेने ते काढलं, ती पाच नावं, ते 'रक्ताचा आहे', ती तीन सरदारांची उत्तरं, यांच्यावर त्याच लेखकाच्या हाताने शिक्का पडायचा राहिला होता, आणि अजून राहिलाय. पुढच्या पर्वात टीव्हीने रेगार-लियानाचं लग्नही लावून दिलं. मामाच्या वहीतलं प्रश्नचिन्ह त्याने तरीही खोडलं नाही. पुस्तकात अजून नोंद नाही, म्हणाला.

मार्टिन यांनी २०१४ साली एका साहित्य महोत्सवात वाचकांच्या तर्कांबद्दल बोलताना जे सांगितलं त्यासाठी मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. निदान एक-दोन वाचकांनी बारीक बारीक खुणा जुळवून खरं उत्तर काढलंय, हे त्यांनी मान्य केलं. मग आता काय, बदलायचं? नाही, म्हणाले, कारण खुणा आधीच पेरलेल्या आहेत, शेवट बदलला तर त्या खोट्या पडतील. मला हे अगदी पटतं. वाचकाने ओळखलं म्हणून लेखकाने ऐनवेळी गोष्ट फिरवली, तर ज्याने सगळ्यात जीव लावून वाचलं त्यालाच शिक्षा होते. मामासारख्या माणसाला. शब्दकोश घेऊन दहा-बारा पानं वाचणाऱ्याला.

सगळे तर्क काही असे टिकत नाहीत. माझाच एक सांगते. उत्तरेच्या बर्फात काळे हात असलेला, श्वास न घेणारा एक स्वार मोठ्या हरणावर बसून येतो आणि मुलांना वाचवतो. पहिल्या पुस्तकात हरवलेला नेडचा धाकटा भाऊ, बेंजेन काकाच तो, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे मला ते हवं होतं. टीव्हीवर तसंच दाखवलंही. पण पाचव्या पुस्तकाचं हस्तलिखित टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलंय, त्यात संपादिकेने समासात विचारलंय, हा बेंजेन का? खाली लेखकाने उत्तर दिलंय: नाही. एकच शब्द. त्या समासातल्या शब्दाबद्दल मी मामाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. पुढे जाऊन ती ओळ मी पुन्हा वाचली, तर पुस्तकात त्या स्वाराबद्दल बोलताना तो फार पूर्वीच मेलाय असं स्वच्छ म्हटलेलं होतं. मी ते वाचूनही वाचलं नव्हतं. हव्या असलेल्या माणसाची वाट बघताना असं होतं.

मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी त्या पुस्तकांचा टाईप त्याला झेपत नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी मी पुण्याहून फोनवर त्याला वाचून दाखवते. पाचही पुस्तकं पुन्हा पहिल्यापासून चालली आहेत. "पुढचं आलं का?" हे तो वर्षातून एकदाच विचारतो, दिवाळीत, आणि मी नाही म्हटलं की विषय बदलतो.

गेल्या काही रविवारी आम्ही डेनेरिसच्या लहानपणापाशी अडकलोय. तिला ब्राव्होस शहरातलं एक घर आठवतं. लाल दार, आणि तिच्या खिडकीबाहेर लिंबाचं झाड. आयुष्यात तिला तेवढंच घर मिळालं. पण ब्राव्होस हे धुक्याचं, दगडी, खाऱ्या पाण्यातलं शहर. तिथे झाडं असतात ती फक्त बड्या लोकांच्या बागांमध्ये, असं पुढच्या पुस्तकांत येतं. लिंबं येतात दक्षिणेकडच्या डॉर्नमध्ये. मग ते झाड कुठलं? तिला सांगितलेलं लहानपण खरं आहे का? काही वाचक म्हणतात, ती डॉर्नमध्येच वाढली. काही म्हणतात, घर ब्राव्होसचंच होतं, पण त्या शहराच्या प्रमुखाच्या महालातलं, कारण तिच्या भावाच्या लग्नाचा गुप्त करार त्याच्याच साक्षीने झाला होता.

मामाने मला ते लिंबाचं वाक्य तीनदा वाचायला लावलं.

"पीकपाहणी बघायला लागेल," तो म्हणाला. "त्या गावच्या बाराव्या नमुन्यात लिंबू नाही, आणि ही पोरगी म्हणते खिडकीबाहेर झाड होतं. दोन्हीतलं एक चुकीचं असणार. पोरीचं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. तिला दाराचा रंग आठवतोय."

मी म्हटलं, पाच वर्षांच्या मुलीची आठवण ती, मामा.

"पाच वर्षांच्या पोराला झाडच आठवतं. कुणाच्या जमिनीत होतं ते आपण शोधायचं. ब्राव्होसमध्ये आणखी कुठे झाडाचा उल्लेख येतो तो काढून ठेव पुढच्या रविवारी. आणि वही कुठे ठेवलीय मी, जरा मामीला विचार."